खरेदीखत झालं, आता उताऱ्यावर नाव: साताऱ्यात कुठे, कसं आणि कोणत्या कागदांवर

दुय्यम निबंधकांसमोर अंगठा दिला, फोटो निघाला, दस्त आणि त्याचा नोंदणी गोषवारा म्हणजे इंडेक्स दोन हातात पडला की बहुतेक घरांत पेढे वाटले जातात. मालकी त्या दस्तानं मिळालेलीच असते, यात शंका नाही. पण महसूल किंवा भूमी अभिलेख खात्याच्या दफ्तरात तोवर जुन्याच मालकाचं नाव असतं. पुढं कर्ज काढताना, बांधकाम परवानगी मागताना किंवा मिळकत विकताना पहिला प्रश्न येतो तो 'उतारा कुणाच्या नावावर आहे?' हाच. दस्त झाल्यापासून उताऱ्यावर नाव लागेपर्यंतचा टप्पा कसा पार करायचा, ते इथं दिलं आहे. विकणाऱ्यांनीही वाचावं, कारण खोळंबा बहुधा त्यांच्याच कागदात असतो.

आधी कार्यालय ठरवा

साताऱ्यात लोक चुकीच्या दारात उभे राहतात ते इथंच. मंगळवार पेठ, यादोगोपाळ पेठ, चिमणपुरा, सदर बाजार अशा जुन्या शहरातल्या मिळकतींना सिटी सर्व्हे नंबर आहे. त्यांचा उतारा म्हणजे मिळकत पत्रिका, आणि तिच्यावरची नोंद नगर भूमापन कार्यालयात होते. तलाठ्याचा तिथं संबंध नाही. शहराबाहेर जिथं गट नंबर किंवा सर्व्हे नंबर चालतो, तिथं सातबारा आणि ८अ (एका खातेदाराच्या गावातल्या सगळ्या जमिनींचा उतारा). म्हणजे चावडी आणि महसूल खातं.

घोळ होतो मधल्या पट्ट्यात. २०२० च्या हद्दवाढीत शाहूपुरी, विलासपूर हे भाग नगरपालिकेत आले. त्यामुळे घरपट्टी नगरपालिकेत गेली, पण जमिनीचा अभिलेख आपोआप बदलला नाही. नगर भूमापन होऊन मिळकत पत्रिका उघडली जात नाही तोवर सातबाराच चालतो. काही मिळकतींना मात्र सातबाराही असतो आणि पत्रिकाही, आणि दोन्हींवर नावं वेगळी! असं दिसलं तर व्यवहाराआधीच दोन्ही कार्यालयांतून लेखी खुलासा घ्या. विसार देऊन बसल्यावर हे उलगडत बसू नये.

फ्लॅट घेतलेल्यांचं वेगळं. 'सातबाऱ्यावर माझं नाव का नाही?' असं विचारत चावडीवर येणारे फ्लॅटधारक आजही भेटतात. जमीन बिल्डरच्या किंवा अभिहस्तांतरण (जमीन आणि इमारत सोसायटीच्या नावावर करून देणं) झालं असेल तर सोसायटीच्या नावावर असते. एकेका फ्लॅटवाल्याचं नाव सहसा सातबाऱ्यावर लागत नाही. तुमचा पुरावा म्हणजे नोंदणीकृत दस्त, इंडेक्स दोन, सोसायटीचं भाग प्रमाणपत्र आणि नगरपालिकेचा कर आकारणी उतारा. म्हणून फ्लॅटवाल्यांनी वेळ खर्च करायचा तो सोसायटी स्थापन करण्यावर आणि अभिहस्तांतरणावर.

नाव कुणाचं लागू शकतं

नोंदणीकृत खरेदीखत, बक्षीसपत्र, वाटपपत्र, हक्कसोडपत्र, न्यायालयाचा हुकूमनामा, वारसा किंवा मृत्युपत्र यांपैकी काहीतरी हवं. नोटरीसमोरचा करार, विसार पावती किंवा नुसतं कुलमुखत्यारपत्र यांवर मालक म्हणून नाव लागत नाही. साठेखत नोंदणीकृत असलं तरी ते पुढं खरेदी करण्याचा करार आहे, खरेदी नव्हे. 'नोटरी केली आहे, पुढं बघू' असं सांगणाऱ्या एजंटाला नमस्कार करून बाहेर पडावं.

शेतजमीन असेल तर घेणारा शेतकरी हवा. १९४८ च्या कुळकायद्याचं कलम ६३ तसं सांगतं, आणि पुरावा म्हणून स्वतःच्या नावचा सातबारा किंवा ८अ मागितला जातो. पुण्या-मुंबईत नोकरी करून गावाकडं रान घेणाऱ्यांनी वडिलांच्या जमिनीला आपलं नाव वारसानं लागलं आहे का, हे आधी पाहून घ्यावं.

जमीन भोगवटादार वर्ग २, म्हणजे हस्तांतरणावर सरकारी बंधनं असलेली, असेल तर सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय ती विकता येत नाही. आपल्या जिल्ह्यात आणखी एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून पाहायची. कोयना, कण्हेर, उरमोडी, धोम अशी धरणं झाली, आणि लाभक्षेत्रातल्या कितीतरी गावांत इतर हक्काच्या रकान्यात पुनर्वसनाचा किंवा हस्तांतरणाला बंदीचा शेरा बसला. प्रकल्पग्रस्तांना वाटप झालेल्या जमिनींवरही अटी असतात. उताऱ्यावर मालकाचं नाव स्वच्छ दिसतं, शेरा खाली बारीक अक्षरात असतो, आणि फेरफार, म्हणजे उताऱ्यावरच्या नावाचा बदल, अडतो तो त्याच्यावरच.

तुकडेबंदीचंही तसंच. २०२३ च्या अधिसूचनेप्रमाणे बागायतीला १० गुंठे आणि जिरायतीला २० गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे शेतीच्या तुकड्याचं किमान क्षेत्र आहे. शेतीच्या गटातले दोन-तीन गुंठे घेतले की दस्त एकवेळ होऊन जायचा, पण नोंद रद्द व्हायची. २०२५ मध्ये सरकारनं कायदा सुधारून निवासी विभागातल्या तुकड्यांना मोकळीक दिली आणि जुने तुकडे विनाशुल्क नियमित करण्याची वाट काढली. मात्र तुमचा गट विकास योजनेत किंवा प्रादेशिक योजनेत रहिवासी विभागात येतो की नाही, यावर सगळं अवलंबून आहे. झोन दाखला काढल्याशिवाय 'आता गुंठा चालतो' या वाक्यावर पैसे देऊ नका.

सातबाऱ्यावरचा फेरफार

दस्त नोंदणीकृत असेल तर कायद्यानं तुम्हाला वेगळी वर्दी द्यायची गरज नाही. दुय्यम निबंधकांकडून दस्ताची माहिती ऑनलाइन ई-फेरफार प्रणालीत जाते. तलाठी, ज्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी आहे, गाव नमुना ६ म्हणजे फेरफार नोंदवहीत नोंद धरतात आणि हितसंबंधितांना नमुना ९ ची नोटीस काढतात. हरकतीसाठी १५ दिवस. हरकत आली नाही तर मंडळ अधिकारी, आपल्या बोलीत सर्कल, कागद तपासून नोंद प्रमाणित करतात. मग नवा सातबारा निघतो.

तरीही हातावर हात ठेवून बसू नये. दस्तात गट नंबर किंवा हिस्सा नंबर चुकीचा पडला, विकणाऱ्याचं नाव उताऱ्यावर 'तुकाराम' आणि दस्तात 'तुकारामराव' असं झालं, नोटीस बजावायला पत्ता जुना निघाला, की नोंद तिथंच पडून राहते. म्हणून दस्तानंतर आठवड्याभरात सज्जाच्या (तलाठ्याच्या हद्दीतल्या गावांच्या) कार्यालयात जाऊन नोंद धरली का विचारा आणि फेरफार क्रमांक लिहून घ्या. 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गाव निवडून नोटीस लागली का, हेही घरबसल्या दिसतं. सोबत न्यायचे कागद: दस्ताची प्रत, इंडेक्स दोन, दस्ताच्या वेळचा सातबारा आणि ८अ, आधार, पॅन, शेतजमीन असल्यास शेतकरी पुरावा, वर्ग २ असल्यास परवानगीचा आदेश, बिनशेती असल्यास बिनशेती आदेश आणि मंजूर रेखांकन.

कुणी लेखी हरकत घेतली तर ती तक्रारी नोंद होते. मंडळ अधिकारी किंवा तहसीलदार दोन्ही बाजू ऐकून निकाल देतात. निकाल विरोधात गेला तर प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येतं. इथं एक गोष्ट दोन्ही बाजूंनी ध्यानात ठेवावी: फेरफारानं मालकी ठरत नाही. सातबाऱ्यावरची नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते, इतकंच. मालकीचा खरा वाद दिवाणी न्यायालयातच मिटतो. त्यामुळे चावडीवर हरकत टाकून व्यवहार मोडता येत नाही, फक्त लांबवता येतो. आणि नुसत्या फेरफाराच्या जोरावर भावाचा हिस्साही गिळता येत नाही.

विकणाऱ्यांनी जाहिरातीआधी करायचं काम

जुन्या पेठांतले वाडे आणि गावाकडची रानं यांच्यात एक दुखणं सारखं असतं: उताऱ्यावर आजोबा. एक भाऊ पुण्यात, एक मुंबईत, बहीण कराडला, आणि गिऱ्हाईक आल्यावर सगळे जागे होतात. तोवर गिऱ्हाईक दुसरीकडं गेलेलं असतं.

वारस नोंदीचा अर्ज 'ई-हक्क' प्रणालीतून घरबसल्या करता येतो किंवा चावडीवर देता येतो. मृत्यू दाखला, सगळ्या वारसांची नावं, वयं, नातं आणि पत्ते असलेलं प्रतिज्ञापत्र किंवा स्वयंघोषणापत्र, ८अ, आधारच्या प्रती एवढं लागतं. सगळ्या वारसांची म्हणजे बहिणींचीही. २००५ च्या दुरुस्तीनं आणि २०२० च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं मुलीचा जन्मसिद्ध हक्क स्पष्ट केला आहे. नाव वगळून केलेली नोंद पुढं उघडी पडतेच. बहिणीला हिस्सा नको असेल तर तिचं नाव आधी लावा, मग नोंदणीकृत हक्कसोडपत्र करा. साध्या कागदावरची सही इथं चालत नाही. २०२५ मधल्या 'जिवंत सातबारा' मोहिमेत मयत खातेदारांच्या बऱ्याच नोंदी झाल्या, तुमची त्यात झाली का ते एकदा उतारा काढून बघा.

ई-हक्कमधूनच बोजा (उताऱ्यावरची कर्जाची नोंद) कमी करण्याचा, 'एकत्र कुटुंब मॅनेजर' किंवा 'अपाक' (अज्ञान पालनकर्ता) हा शेरा काढण्याचा अर्जही होतो. विकास सोसायटीचं कर्ज कधीच फिटलेलं असतं, बोजा मात्र तसाच. संस्थेचा कर्ज नसल्याचा दाखला जोडला की काम होतं.

मिळकत पत्रिका

शहरातल्या घराची माहितीही दस्तावरून ऑनलाइन पुढं जाण्याची सोय आहे, तरी नगर भूमापन कार्यालयात अर्ज आणि दस्ताची प्रत देऊन पोच घेतलेली बरी. इथं परिरक्षण भूमापक नोंद घेतात, नोटीस निघते, आणि अधिकारी प्रमाणित करतात. क्षेत्र चौरस मीटरमध्ये असतं. दस्तात चौरस फूट लिहून रूपांतर चुकलं तर नोंद परत येते. वाड्याचा भाग विकत घेतला असेल तर पोटहिस्स्याची मोजणी आधी करून घ्यावी लागते, आणि त्याला वेळ लागतो.

गावठाणातल्या घरांना पूर्वी फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८ असायचा. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेत ड्रोन मोजणी झालेल्या गावांत आता तिथंही मिळकत पत्रिका मिळते. तुमच्या गावाची निघाली असेल तर व्यवहार तिच्यावरच करा.

नगरपालिकेत किंवा ग्रामपंचायतीत घरपट्टीला नाव लावायचं तर आधीची थकबाकी भरावी लागते, म्हणून विकणाऱ्याकडून शेवटची पावती दस्ताच्या दिवशीच घ्या. घरपट्टीची पावती मालकीचा पुरावा नाही, ती कर भरल्याची पावती आहे. वीज आणि पाण्याचं नाव बदलायलाही इंडेक्स दोन आणि जुनं बिल जवळ ठेवा.

नोंद प्रमाणित झाली की १५ रुपये भरून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा काढा आणि नाव, क्षेत्र, खाते क्रमांक, इतर हक्क एकेक करून दस्ताशी ताडून पाहा. लेखनप्रमाद असेल तर तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ खाली दुरुस्तीचा अर्ज देता येतो, जोडायला फेरफाराची प्रत आणि दस्त लागतो.