वॉर्म मिक्स डांबरी मिश्रणाच्या चाचण्या

नेहमीच्या गरम मिश्रणापेक्षा साधारणपणे २०° ते ४०° से. कमी तापमानाला तयार करून पसरता येणाऱ्या खडी-डांबराच्या मिश्रणाला वॉर्म मिक्स म्हणतात. त्यासाठी डांबर पाण्याने फेसाळवतात किंवा त्यात मेण, झिओलाइट (पाणी धरून ठेवणारे खनिज) अथवा रासायनिक द्रव्ये मिसळतात.

तंत्राच्या उगमाबद्दल एकमत नाही. काही लेखक तो १९५६ मध्ये अभियंते लॅडिस चान्यी यांनी अमेरिकेतील आयोवात वाफेने डांबर फेसाळवले तिथपर्यंत मागे नेतात. वाफेऐवजी थंड पाणी वापरण्याची सुधारणा १९६० नंतरच्या दशकात ऑस्ट्रेलियात झाली. मात्र या फेसाळ डांबराचा उपयोग प्रामुख्याने न तापवलेली, ओलसर खडी व माती बांधण्यासाठी होई. त्यामुळे आजच्या अर्थाने वॉर्म मिक्सची सुरुवात १९९५ च्या आसपास जर्मनी व नॉर्वेत झाली, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

तापमान उतरले की खडीत ओल राहण्याचा धोका वाढतो आणि डांबराचे ऑक्सिडीकरण कमी झाल्याने ते मऊ राहते. म्हणून चाचण्यांचा भर पाण्याचा परिणाम आणि चाकोऱ्या यांवर असतो. हॅम्बुर्ग चाचणीत बहुधा ५०° से. च्या पाण्यात बुडवलेल्या नमुन्यावरून पोलादी चाक २०,००० वेळांपर्यंत फिरवतात. चाकोरीची खोली आधी संथपणे वाढते. पुढे ती एकदम झपाट्याने वाढू लागली, तर डांबर खडीपासून सुटू लागल्याची शंका येते. ताणबलाच्या चाचणीत पाणी मुरवलेल्या व कोरड्या नमुन्यांच्या बळाचे गुणोत्तर काढतात. ते सहसा किमान ८० टक्के असावे लागते. फुटलेल्या नमुन्याच्या आत उघडी पडलेली खडीही पाहतात. आकड्याइतकेच ते पाहणे बोलके असते.

खरा वाद आहे तो मिश्रण बनवताना व पसरताना डांबर जेवढे कडक होते तेवढे व्हावे म्हणून चाचणीपूर्वी सैल मिश्रण ओव्हनमध्ये किती तापवावे याचा. गरम मिश्रणासाठी १३५° से. ला चार तास ही जुनी रीत होती. वॉर्म मिक्स तसेच तापवले, तर कमी तापमानाचा परिणामच पुसला जातो. फार थोडे तापवले, तर रस्त्यावर टिकणारे मिश्रणही नापास ठरू शकते. अमेरिकेतील नंतरच्या संशोधनात गरम मिश्रणासाठी १३५° आणि वॉर्म मिक्ससाठी ११६° से. ला दोन-दोन तास सुचवले गेले. प्रत्यक्ष कामावरील नमुन्यांशी जुळवून ठरवलेली ही रीत जास्त पटते.

दबाईची सुलभता नमुना दाबणाऱ्या यंत्राला दोन तापमानांना लागणाऱ्या फेऱ्यांच्या तुलनेवरून ठरवतात. थकवा व थंडीतील तडे यांबाबत कमी ऑक्सिडीकरण झालेले डांबर सुरुवातीला फायद्याचेच ठरते.