गर्भपिशवीचा कॅन्सर: एका नावाखाली दोन आजार

‘पॅप टेस्ट (गर्भाशयमुखाच्या पेशींची तपासणी) चांगली आली, म्हणजे गर्भपिशवीच्या कॅन्सरची भीती नाही,’ असे अनेकजणी मानतात. हा समज घातक आहे, आणि त्यामागचा गोंधळ फार जुना आहे: गर्भाशयमुखाचा आणि आतल्या अस्तराचा हे दोन वेगळे कॅन्सर एकच मानले जातात.

१८४२ साली इटलीतील व्हेरोनाच्या रिगोनी-स्टर्न या डॉक्टरांनी शहरातल्या मृत्यूंच्या नोंदी तपासल्या. मठातल्या नन्समध्ये गर्भाशयाचा कॅन्सर विवाहित स्त्रियांपेक्षा फार कमी होता. निरीक्षण मोलाचे, पण गर्भाशयमुख आणि आतले अस्तर दोन्ही एकाच रकान्यात मोडत होते. मुखाच्या कॅन्सरमागे लैंगिक संबंधातून पसरणारा एचपीव्ही विषाणू असतो, हे कळायला पुढे शतकाहून अधिक काळ गेला. अस्तराचा कॅन्सर तर मूल न झालेल्या स्त्रियांत उलट जास्त आढळतो. त्या रकान्यात हे दिसणारच नव्हते.

१९४३ मध्ये पापानिकोलाऊ आणि ट्राउट यांचा ग्रंथ आला, त्याच्या नावातही ‘गर्भाशयाचा कॅन्सर’च होता. त्यांच्या तपासणीने, म्हणजेच पॅप टेस्टने, मुखाच्या कॅन्सरने मरणाऱ्या असंख्य स्त्रिया वाचवल्या. अस्तरातला बिघाड मात्र तिच्यात सापडला तर योगायोगानेच.

अस्तराचे कोडे सुटू लागले १९७५ च्या डिसेंबरात. पाळी जाताना होणाऱ्या त्रासावर अमेरिकेत नुसत्या इस्ट्रोजेन या संप्रेरकाच्या गोळ्या सर्रास दिल्या जात. त्या घेणाऱ्यांना अस्तराच्या कॅन्सरचा धोका कित्येक पट असल्याचे दोन अभ्यासांनी एकाच वेळी दाखवले. इस्ट्रोजेन अस्तर वाढवते, प्रोजेस्टेरॉन हे दुसरे संप्रेरक त्याला आवर घालते. म्हणून पिशवी शाबूत असेल तर आता दोन्ही जोडीने देतात. पाळी गेल्यावर शरीरातली चरबीही इस्ट्रोजेन तयार करते. लठ्ठपणाचा संबंध इथे येतो, आणि वजन आटोक्यात ठेवणे हा प्रतिबंधाचा खरा भाग ठरतो.

आनुवंशिकतेचा धागा एका शिवणकाम करणाऱ्या बाईने दिला, ही गोष्ट मला फार हलवते. घरातले बहुतेक कॅन्सरने गेले, मीही तशीच जाणार, असे तिने १८९५ मध्ये मिशिगनच्या डॉ. वॉर्थिन यांना सांगितले. ती तरुणपणीच अस्तराच्या कॅन्सरने गेली. तिच्या घराण्यातला दोष आज लिंच सिंड्रोम म्हणून ओळखला जातो.

१८७८ मध्ये जर्मन डॉक्टर फ्रॉइंड यांनी पोटावाटे कॅन्सरग्रस्त पिशवी काढली. अस्तराच्या कॅन्सरवर आजही बहुधा शस्त्रक्रियाच आधी, मग गरजेनुसार रेडिएशन, केमो. २०१३ पासून गाठीचे जनुकीय प्रकारही पाहिले जाऊ लागले.

पाळी गेल्यावर एकदा जरी रक्ताचा डाग दिसला, तरी सोनोग्राफी आणि गरज पडल्यास अस्तराची बायोप्सी करतात. पॅप टेस्ट त्यासाठी पुरत नाही.