शवविच्छेदनानंतर मानवी ऊतक राखून ठेवण्यासाठीची संमती (ब्रिटन)

शवविच्छेदनाच्या वेळी मृतदेहातून काढलेले अवयव किंवा ऊतकांचे तुकडे पुढे संशोधनासाठी वा अध्यापनासाठी ठेवायचे असतील, तर त्याला कोणाची परवानगी लागते हे ठरवणारी कायदेशीर व्यवस्था. इंग्लंड, वेल्स व उत्तर आयर्लंड येथे ‘ह्यूमन टिश्यू ॲक्ट २००४’ हा कायदा १ सप्टेंबर २००६ पासून लागू आहे. स्कॉटलंडचा कायदा वेगळा असून तो २००६ चा आहे.

त्याआधीच्या १९६१ च्या कायद्यात संमती हा शब्दच केंद्रस्थानी नव्हता. मृतदेह ज्याच्या ताब्यात, म्हणजे बहुधा रुग्णालयाच्या, त्याने शक्य तेवढी चौकशी करायची आणि नातेवाइकांची हरकत दिसली नाही की अवयव ठेवायला मोकळीक. नियम मोडला तर शिक्षेची तरतूद नव्हती. ‘थोडे ऊतक तपासणीसाठी घेऊ’ असे ऐकलेल्या आईबापांना मुलाचे अख्खे हृदय त्यात येते, हे कळायला मार्ग नव्हता.

ते कळले १९९९ मध्ये. ब्रिस्टल येथील बालहृदयशस्त्रक्रियांची चौकशी चालू असताना हृदयरचनेचे तज्ज्ञ प्रा. रॉबर्ट अँडरसन यांच्या साक्षीतून लिव्हरपूलच्या ‘ऑल्डर हे’ या बालरुग्णालयातील हृदयांचा मोठा संग्रह उजेडात आला. जानेवारी २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेडफर्न अहवालानुसार तेथील विकृतिशास्त्रज्ञ (पॅथॉलॉजिस्ट) डिक व्हॅन व्हेल्झेन यांनी १९८८ ते १९९५ या काळात मुलांचे अवयव सरसकट काढून ठेवले होते, आणि त्यांतील बऱ्याचशा अवयवांची तपासणीही झाली नव्हती. रुग्णालयांच्या देशव्यापी मोजणीत १९७० नंतर ठेवलेले ५४ हजारांहून अधिक अवयव व अवशेष आढळले. अवयव टप्प्याटप्प्याने परत मिळत गेल्याने काही कुटुंबांना एकाच बाळाचा अंत्यविधी दोनदा, तीनदा करावा लागला. विज्ञानाची गरज सांगून या यातनेचे समर्थन होऊ शकत नाही. विचारले असते तर अनेकांनी होकार दिला असता, असे त्यांतल्या कित्येक पालकांनीच सांगितले.

नव्या कायद्याने पारडे फिरवले. हरकत नसणे आता पुरत नाही, स्पष्ट होकार लागतो. संमतीवाचून ऊतक ठेवणे वा वापरणे हा गुन्हा असून त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. शवागारांना परवाने देणे व त्यांची तपासणी करणे हे काम ‘ह्यूमन टिश्यू ऑथॉरिटी’कडे आहे.

पहिला मान मृत व्यक्तीच्या स्वतःच्या इच्छेचा. तिने काही ठरवले नसेल तर तिने नेमलेला प्रतिनिधी, तोही नसेल तर जवळचे नातलग. त्यांचा क्रम कायद्यातच आहे: आधी पती, पत्नी किंवा जोडीदार, मग आईवडील वा मुले, त्यानंतर भावंडे, यादीच्या शेवटी जुन्या मित्रालाही जागा आहे. एकाच पायरीवर अनेक जण असतील तर एकाची संमती कायद्याला पुरते, तरी डॉक्टरांनी इतरांशी बोलावे अशी अपेक्षा असते.

कॉरोनर म्हणजे संशयास्पद वा अकस्मात मृत्यूंची चौकशी करणारा अधिकारी; त्याच्या आदेशाने होणाऱ्या शवविच्छेदनाला मात्र संमती लागत नाही. (मुंबईतही ब्रिटिश अमदानीपासून कॉरोनर होता, ते पद पुढे रद्द झाले.) मृत्यूचे कारण शोधायला लागणारे नमुने तोवर ठेवता येतात. ते काम संपले की कॉरोनरचा अधिकारही संपतो आणि निर्णय कुटुंबाकडे येतो: नमुने परत घ्यायचे, रुग्णालयाने त्यांची सन्मानाने विल्हेवाट लावायची, की संशोधनासाठी ठेवू द्यायचे.

सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी ऊतकाचा लहानसा तुकडा मेणाच्या ठोकळ्यात बसवतात आणि त्याचे अतिपातळ काप काचपट्टीवर घेतात. हे ठोकळे व काचपट्ट्याही इंग्लंडमध्ये संमतीच्या कक्षेत येतात, कारण त्यांत पेशी असतात. स्कॉटलंडमध्ये ते मृताच्या वैद्यकीय नोंदींचा भाग मानले जातात, आणि तेथील कायदा संमतीऐवजी ‘अधिकृत मान्यता’ अशी संज्ञा वापरतो. १ सप्टेंबर २००६ पूर्वीपासून जपलेल्या संग्रहांना संमतीची अट पूर्वलक्षी प्रभावाने लागू नाही.