सई

सई : मराठी स्त्रीनाम. अर्थ मैत्रीण, सोबतीण. सामान्यनाम म्हणून त्याचे अनेकवचन ‘सया’ आणि संबोधन ‘सये’ असे होते (बाई–बाया, सुई–सुया यांप्रमाणे).

व्युत्पत्ती : सर्वाधिक मान्य मत असे की, संस्कृत ‘सखी’चे प्राकृतात ‘सही’ आणि त्यावरून मराठीत ‘सई’ झाले. दोन स्वरांमधल्या ख, घ, थ, ध, भ यांचा ह होतो, हा नियम हेमचंद्राच्या प्राकृत व्याकरणात (बारावे शतक) स्पष्ट सांगितलेला आहे. गाथासप्तशती या काव्यसंग्रहात, म्हणजे साधारणपणे इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतल्या महाराष्ट्री प्राकृतात, नायिका मैत्रिणीला ‘सहि’ अशीच हाक मारते. हिंदीतील ‘सहेली’ आणि बंगालीत जिवलग मैत्रिणीला म्हणतात तो ‘सई’ हा शब्द याच घराण्यातले.

या मतावरचा आक्षेप दुर्लक्षिण्याजोगा नाही. ‘दधि’पासून आलेल्या ‘दही’त ह टिकला, मग ‘सही’तलाच का गळाला? शिवाय त्याच व्याकरणानुसार स्वरमध्य त आणि च यांचा बहुधा लोप होतो. त्यामुळे ‘सती’ आणि ‘शची’ (इंद्राणी) या दोन्ही शब्दांचे प्राकृत रूप थेट ‘सई’ असे मिळते, मधली पायरी लागतच नाही. नावाला पातिव्रत्याचा किंवा इंद्राणीचा अर्थ देणारे या रूपाचा आधार घेतात. रूपाच्या बाजूने हे बिनतोड आहे. अर्थाच्या बाजूने मात्र नाही. मराठी लोकगीतांत ‘सया’ म्हणजे मैत्रिणी. पतिव्रता किंवा इंद्राणी नव्हेत. पहाटे जात्याचा खुंटा धरून बसलेली बाई समोरच्या बाईला ओवीत ‘सई’ म्हणते, तेव्हा ती दळणातल्या जोडीदारणीला साद घालत असते. ह गळण्याचे कारणही बहुधा या सादेतच आहे. तोंडी सतत घोळणारे शब्द लवकर झिजतात: वहिनीची ‘वैनी’ होते, पहिलाचा ‘पैला’. म्हणून ‘सखी’ हेच मूळ धरणे सयुक्तिक वाटते.

‘आठवण’ या अर्थाचा ‘सय’ (माहेरची सय येणे) हा शब्द निराळा; तो ‘स्मृति’पासून आला असे मानतात. सहीला (स्वाक्षरीला) बोलीत ‘सई’ म्हणतात, ती अरबी मुळाची. उत्तर प्रदेशातील सई नदीशीही या नावाचा संबंध जोडण्याचे कारण नाही.

ऐतिहासिक उल्लेख : या नावाची सर्वांत प्रसिद्ध स्त्री म्हणजे छत्रपती शिवाजी महाराजांच्या पहिल्या पत्नी सईबाई. त्या फलटणच्या नाईक निंबाळकर घराण्यातल्या. विवाह इ. स. १६४० च्या सुमारास पुण्यात झाला. पुत्र संभाजी १६५७ मध्ये पुरंदरावर जन्मले. त्यानंतर दोनच वर्षांनी, १६५९ मध्ये, सईबाई राजगडावर निवर्तल्या. त्यांच्या थोरल्या मुलीचे नाव सखूबाई. आई सई, लेक सखू: एकाच शब्दाची झिजलेली आणि जवळजवळ मूळची अशी दोन रूपे एका घरात नांदली, हे नामाभ्यासकाने आवर्जून टिपावे असे आहे. देवतेचे नाव नसलेले, नात्याचे नाव मुलीला ठेवण्याची रीत सरदार घराण्यांतही होती, हेही त्यातून दिसते.

प्रचार : जुन्या वापरात नावामागे ‘बाई’ येई. विसाव्या शतकात हे शेपूट गळू लागले आणि ‘सई’ एकटे उभे राहिले. चित्रपट-दिग्दर्शिका सई परांजपे यांचा जन्म १९३८ चा. त्यांच्या आत्मकथनाचे ‘सय’ हे नाव वर सांगितलेल्या दोन शब्दांची सुंदर गाठ घालते. पुढे जुई, ऋचा, मुक्ता अशा दोन अक्षरी नावांबरोबर हेही शहरी घरांत रुळले. अभिनेत्री सई ताम्हणकर हे त्या पिढीतले ठळक उदाहरण. बारशाला आत्याने बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करून सांगायला इतके सोपे नाव क्वचितच सापडेल.

लेखन : देवनागरीत अडचण नाही, रोमन लिपीत मात्र ‘सई’ आणि ‘साई’ एकसारखेच लिहिले जाऊ शकतात. दक्षिणेत ‘साई’ मुलामुलींच्या नावांच्या आरंभी येते, साईबाबांच्या भक्तीतून. तो शब्द वेगळा, उच्चारही दीर्घ ‘सा’चा. गोंधळ टळावा म्हणून अनेक मराठी पालक रोमन लिपीत एखादे अक्षर वाढवतात, आणि मग एकाच वर्गातल्या दोन सई हजेरीपटावर वेगवेगळ्या दिसतात.