पिल्लाचं शिक्षण: घरी आल्या दिवसापासून
कुत्र्याचं नवीन पिल्लू आणणाऱ्या कुटुंबांसाठी माहितीपत्रक

‘अजून लहान आहे, सहा महिन्यांचं झालं की शिकवू’ असं म्हणून अनेक जण थांबतात. पिल्लू मात्र थांबत नाही. रडलं की कुणीतरी उचलून घेतं, अंगावर उडी मारली की लाड होतात, चप्पल पळवली की सगळं घर मागे धावतं, हे ते पहिल्या आठवड्यातच शिकतं. सहा महिन्यांनी आपण शिकवायला बसतो तेव्हा पाटी कोरी राहिलेली नसते.

चौदाव्या आठवड्याच्या आत

वयाच्या साधारण तिसऱ्या आठवड्यापासून बाराव्या ते चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचं मन नव्या गोष्टींना सहज आपलंसं करतं. या काळात ज्यांची ओळख झाली त्या गोष्टी त्याच्या लेखी ‘नेहमीच्या’ होतात. जे त्याने पाहिलंच नाही, त्याच्याकडे पुढे ते संशयाने पाहतं. 1961 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात काही पिल्लं कुंपणाच्या आत, माणसांपासून दूर वाढवली होती. चौदाव्या आठवड्यापर्यंत ज्यांचा माणसाशी संबंधच आला नाही, ती पिल्लं नंतरही माणसाला बिचकत राहिली. मोठेपणी अनोळखी माणसावर धावून जाणारं कुत्रं बहुतेक वेळा रागीट नसतं, घाबरलेलं असतं. त्या भीतीचं मूळ अनेकदा या आठवड्यांत सापडतं.

अडचण अशी की लसीकरणही नेमकं याच काळात चालू असतं. पहिली लस सहा ते आठ आठवड्यांत, आणि पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी निदान सोळाव्या आठवड्यापर्यंत डोस द्यावे लागतात. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती अंगात असेपर्यंत ती लसीला नीट काम करू देत नाही. ती नेमकी कधी ओसरेल ते प्रत्येक पिल्लात वेगळं, म्हणून इतके डोस. ‘सगळ्या लसी होईपर्यंत घराबाहेर नाही’ असं ठरवलं तर शिकण्याची ही वेळ पूर्ण निघून जाते. बाहेर मोकळं सोडलं तर पार्वो या जीवघेण्या रोगाचा धोका, कारण तो विषाणू जमिनीत कित्येक महिने टिकतो.

यातून मार्ग आहे: पिल्लाला बाहेर न्या, पण जमिनीवर ठेवू नका. कडेवर, टोपलीत किंवा गाडीत बसवून रोज 10 ते 15 मिनिटं जग दाखवा. पहिली लस आणि जंतांचं पहिलं औषध होऊन सात दिवस झाले की, लसीकरण झालेल्या निरोगी कुत्र्यांच्या घरी आणि फरशी जंतुनाशकाने पुसलेल्या, पिल्लांच्या शिकवणीच्या वर्गात जायला साधारणपणे हरकत नसते. तुमच्या भागात साथ चालू असेल तर आधी पशुवैद्यांना विचारा.

काय दाखवायचं? दाढीवाले, टोपीवाले, काठी घेऊन चालणारे, हेल्मेट घातलेले लोक. धावणारी मुलं. छत्री उघडताना आणि मिटताना. जिना, लिफ्ट, ओली फरशी, गवत, जाळीचं झाकण. मिक्सर, दाराची घंटा, मोटारसायकल. ढगांच्या गडगडाटाचं ध्वनिमुद्रण आधी अगदी हळू आवाजात लावा, पिल्लू खाण्यात रमलेलं असताना, आणि आवाज काही दिवसांत थोडा थोडा वाढवा.

इथे सगळ्यात जास्त होणारी चूक म्हणजे ‘सवय होईल’ म्हणत घाबरलेल्या पिल्लाला गर्दीत धरून ठेवणं. शेपूट पायांत, कान मागे, उगाच जांभया, ओठ चाटणं, आवडता खाऊही न घेणं ही भीतीची चिन्हं आहेत. ती दिसली की दहा पावलं मागे या. पिल्लू पुन्हा खाऊ घेऊ लागलं म्हणजे अंतर बरोबर आहे. सवय तिथूनच लागते.

आठ आठवड्यांच्या आधी आणू नका

भावंडांशी खेळताना जोरात चावलं की भावंड ओरडतं आणि खेळ थांबतो. दात किती जोरात लावायचे हे पिल्लू असं शिकतं. लवकर वेगळं केलेल्या पिल्लांत हा धडा कच्चा राहतो.

शी-शू

पिल्लू घाण करतं ते हट्टाने नाही; लघवी धरून ठेवण्याची ताकदच त्याच्यात आलेली नसते. ढोबळ हिशेब असा: वय जितके महिने, त्यात एक मिळवा, जास्तीत जास्त तितके तास. दोन महिन्यांचं पिल्लू फार तर तीन तास. जागेपणी आणि खेळताना तेवढंही नाही, तेव्हा दर 30 ते 45 मिनिटांनी न्या.

झोपेतून उठल्याबरोबर, खाल्ल्यावर 5 ते 20 मिनिटांत आणि खेळ संपल्यावर ठरलेल्या एकाच जागी न्या आणि गप्प उभे राहा. काम झालं की तिथल्या तिथे खाऊ द्या. घरात परत येऊन दिला तर पिल्लाच्या मते तो घरात आल्याबद्दल असतो. लगेच आत ओढूही नका, नाहीतर शू केली की फिरणं संपतं असा अर्थ ते काढतं आणि धरून ठेवायला लागतं.

घरात चूक झाली तर नाक घासणं, ओरडणं, मारणं यांचा काही उपयोग नाही. पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करायची नाही, मग ते सोफ्यामागे जाऊन करतं. एन्झाइम असलेल्या क्लीनरने जागा पुसा. अमोनिया असलेलं द्रावण वापरू नका, त्याचा वास लघवीसारखाच असतो.

क्रेट (झोपण्याचा पिंजरा) वापरत असाल तर पिल्लू उभं राहील, वळेल आणि पाय पसरून झोपेल इतकाच मोठा हवा. जास्त मोठ्या क्रेटच्या एका कोपऱ्यात ते शू करतं आणि दुसऱ्यात झोपतं. शिक्षा म्हणून त्यात कधीही कोंडू नका.

चावणं

दुधाचे 28 दात पडून कायमचे 42 येतात. चौथ्या महिन्याच्या आसपास सुरू झालेलं हे काम सहा-सात महिन्यांपर्यंत चालतं. हिरड्या शिवशिवत असतात, त्यामुळे चावायला काहीतरी लागणारच. नखाने दाबल्यावर किंचित खळगा पडेल इतपत मऊ खेळणं द्या. दगडासारखं कडक असेल तर दात तुटतात. हाताला दात लागले की हात सैल सोडा, खेळ थांबवा, 10 ते 20 सेकंद तोंड फिरवून उभे राहा. हात झटकू नका. हलणारी वस्तू पिल्लू आणखी जोरात पकडतं. घरातल्या एकानेही हाताशी कुस्ती चालू ठेवली तर बाकीच्यांची मेहनत पाण्यात. संध्याकाळी पिल्लू अचानक पिसाटल्यासारखं चावत सुटलं तर ते बहुधा थकलेलं असतं. या वयात दिवसाला 18 ते 20 तास झोप लागते; त्याला झोपवा.

पहिले तीन शब्द

शब्द घरातल्या सगळ्यांचा एकच हवा. ‘बस’ आम्ही टाळायला सांगतो, कारण ‘बस झालं’, ‘बस कधी येणार’ असं तो दिवसभर कानावर पडून बोथट होतो. ‘बैस’ चांगला. ‘ये’ऐवजी नाव घेऊन ‘इकडे’ म्हणा.

*बैस:* वाटाण्याएवढा खाऊ नाकाला लावा आणि हात हळूहळू डोक्यावरून मागे न्या. नाक वर गेलं की बूड आपोआप टेकतं. टेकताक्षणी ‘शाब्बास’ आणि खाऊ. एका सेकंदाच्या आत बक्षीस मिळालं नाही तर ते कशाचं हे पिल्लाला कळत नाही. उडी मारली तर हात फार उंच होता. हालचाल पक्की झाल्यावर तिच्या आधी शब्द जोडा आणि तो एकदाच उच्चारा. पाच वेळा म्हटलं तर पिल्लू पाचव्याची वाट बघायला शिकतं.

*इकडे:* पहिले दिवस दोन-तीन पावलांवरून. बाहेर 5 ते 10 मीटरच्या लांब दोरीवर, आणि ती दोरी गळपट्ट्याला नाही, हार्नेसला (छातीभोवती बसणाऱ्या पट्ट्याला) बांधा. बोलावून रागावणं, नखं कापणं, आंघोळीला नेणं हे कधीही नको. त्यासाठी आपण उठून त्याच्याकडे जायचं.

*सोड:* तोंडातली वस्तू हिसकावू नका, तिच्याहून चांगलं काही नाकासमोर धरा. सोडली की ‘शाब्बास’, खाऊ, आणि धोक्याची नसेल तर वस्तू परत द्या. परत मिळते हे कळलेलं पिल्लू वस्तू घेऊन पळत नाही.

एक बैठक तीन ते पाच मिनिटांची, दिवसातून तीन-चार वेळा. खाऊ दिवसभराच्या आहाराच्या दहाव्या हिश्श्याहून जास्त नको. रोजच्या जेवणातलेच दाणे बाजूला काढले तर उत्तम. चॉकलेट, द्राक्षं, मनुका, कांदा आणि झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात ते) घातलेलं काहीही कुत्र्याला विषारी आहे.

हाताळणं आणि एकटं राहणं

रोज दोन मिनिटं पंजे, नखं, कान, ओठ उचलून दात. स्पर्श, लगेच खाऊ, हात बाजूला. पुढे पशुवैद्यांच्या टेबलावर याचा उपयोग होतो. जेवताना ताटली काढून घेऊन ‘सवय’ लावू नका. जाता जाता तीत काहीतरी चांगलं टाका.

एकटं राहणं सेकंदांपासून सुरू होतं: दाराआड 10 सेकंद, मग 30, मग एक मिनिट. रडायच्या आधी परत या. रडू लागलं तर पुढच्या वेळी वेळ निम्मी करा.

गुरगुरणं मात्र कधीही दाबू नका. तो इशारा आहे. गुरगुरल्याबद्दल मार खाल्लेलं कुत्रं पुढे इशारा न देताच चावतं.

सहा महिन्यांनंतर

सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान चांगलं शिकलेलं पिल्लूही हाक न ऐकल्यासारखं करतं. हे वयात येणं आहे. लांब दोरी पुन्हा काढा, खाऊ वाढवा, अंतर कमी करा.

वर्गाला पहिल्यांदा येताना

लसीकरणाची वही, हार्नेस, दीड-दोन मीटरचा साधा पट्टा (आपोआप लांबणारा नको), बसायला घरची चटई आणि मूठभर बारीक खाऊ. येण्याआधी दोन तास जेवण देऊ नका, पाणी द्या. जुलाब, उलटी किंवा खोकला असेल तर त्या दिवशी येऊ नका. बुडलेला तास पुढे भरून देऊ. घरातलं जे माणूस पिल्लासोबत सगळ्यात जास्त वेळ असतं, त्याने यावं.