रिकाम्या सीटचं डिझेल

सांगली ते तासगाव हे अंतर साधारण २५ किलोमीटर. एसटीची साधी लाल गाडी एका लिटरला पाच किलोमीटरच्या आसपास जाते. आगारात हा हिशेब लिटरवर नाही, दहा लिटरवर मांडतात. त्याला केपीटीएल म्हणतात आणि तो आकडा बहुधा ४५ ते ५०च्या दरम्यान फिरतो. हिशेब सोपा व्हावा म्हणून ५० धरू. म्हणजे सांगलीहून तासगाव गाठायला गाडीला पाच लिटर डिझेल लागतं. आत पन्नास माणसं असोत की पाच, या आकड्यात फार फरक पडत नाही. गाडीचं स्वतःचं वजनच नऊ-दहा टन आणि पन्नास माणसांचं मिळून जेमतेम सव्वातीन टन.

तेच अंतर शंभर-सव्वाशे सीसीची मोटारसायकल अर्ध्या लिटर पेट्रोलमध्ये कापते. एकटा गेला तर माणशी अर्धा लिटर, डबलसीट गेले तर पाव लिटर. आता एसटीकडे पाहा. पन्नास प्रवासी असले तर माणशी १०० मिलिलिटर. वीस असले तर पाव लिटर, म्हणजे डबलसीट मोटारसायकलइतकंच. दहा असले तर अर्धा लिटर, आणि पाचच असले तर माणशी एक लिटर! (डिझेलच्या लिटरमध्ये पेट्रोलपेक्षा दहाएक टक्के ऊर्जा जास्त असते. काटेकोर हिशेबात एसटीची बाजू आणखी थोडी पडते.)

एसटीने गेलं की इंधन वाचतं, हे वाक्य म्हणूनच अर्धवट आहे. त्यातला गाळलेला शब्द एसटीच्याच बोलीतला आहे : भारमान. उपलब्ध आसनांपैकी किती आसनं भरली याची टक्केवारी. तेल वाचवायचं यंत्र बस नाही, भरलेली बस आहे.

परदेशातल्या लेखांत बसची तुलना नेहमी मोटारीशी होते. तिथे बस सहज जिंकते. लिटरला १५ किलोमीटर देणाऱ्या मोटारीतून दोघं तासगावला गेले तर माणशी आठशेपेक्षा जास्त मिलिलिटर जातात, तेव्हा सात प्रवाशांची एसटीही तिच्यापुढे असते. पण सांगली-साताऱ्याच्या वाळवा, पलूस, कोरेगाव, खटाव या भागात एसटीचा खरा प्रतिस्पर्धी दारात उभी असलेली दुचाकी आहे. देशातलं पेट्रोल कोण जाळतं याची सरकारी पाहणी २०१४ साली जाहीर झाली, तीत ६० टक्क्यांहून जास्त वाटा दुचाकींचा निघाला होता. कच्च्या तेलाची आपली ८५ टक्क्यांहून जास्त गरज आयातीवर भागते. तेव्हा ‘दुचाकीवरचा माणूस बसमध्ये का बसत नाही’ हा प्रश्न परकीय चलनाचाही आहे.

दुसरा प्रतिस्पर्धी वडाप, म्हणजे माणसं भरून नेणारी खासगी जीप. त्याच्याबद्दल नाक मुरडायची पद्धत आहे आणि सुरक्षिततेच्या बाबतीत ती योग्यच आहे. टपावर नि फुटबोर्डावर माणसं घेऊन जाणाऱ्या जीपचं समर्थन करता येत नाही. पण तेलाच्या हिशेबात वडाप हुशार आहे, कारण ते भरल्याशिवाय सुटतच नाही. लिटरला अकरा-बारा किलोमीटर आणि आत बारा माणसं म्हणजे तासगावपर्यंत माणशी १८०-१९० मिलिलिटर. तेवढ्यासाठी एसटीत २७-२८ प्रवासी हवेत. अर्धी रिकामी एसटी सांगलीहून निघते तेव्हा तेलाच्या बाबतीत ती वडापाकडून हरलेली असते.

मग गाडी रिकामी का राहते?

तिकिटामुळे, असं पटकन म्हटलं जातं. पण मार्च २०२३पासून महिलांना अर्धं तिकीट आहे, ७५ वर्षांवरच्यांना त्याआधीपासून प्रवास मोफत आहे, विद्यार्थ्यांना सवलतीचे पास आहेत. सकाळी सातच्या गाडीत पाय ठेवायला जागा नसते. रिकामी असते ती तीच गाडी परत जाताना, आणि दुपारी. सकाळी लोंढा शहराकडे, संध्याकाळी गावाकडे. एका बाजूचं भारमान शंभरावर आणि दुसऱ्या बाजूचं वीसवर असलं तर सरासरी साठच येते.

यावर जुनं आणि अजूनही सर्वांत चांगलं उत्तर म्हणजे मुक्कामी गाडी. समजा गाव आगारापासून ३५ किलोमीटर आहे. संध्याकाळी माणसं घेऊन गेलेली गाडी रात्री आगारात परतली, पहाटे पुन्हा रिकामी गावात गेली, तर ७० किलोमीटर म्हणजे १४ लिटर डिझेल नुसतं हवा वाहून नेण्यात जातं. एसटीत याला डेड किलोमीटर म्हणतात. गाडी गावातच मुक्कामाला राहिली की हे १४ लिटर रोज वाचतात. मुक्कामी गाड्या बंद पडण्यामागची कारणं मात्र डिझेलशी संबंध नसलेली असतात. चालक-वाहकाला झोपायला धड खोली नसते, शौचालय नसतं, पाण्याची सोय नसते. ग्रामपंचायतीने एक खोली, पंखा, नळ आणि कुलूप लागणारा दरवाजा दिला तर वर्षाला पाच हजार लिटर डिझेल वाचतं. एवढ्या कमी खर्चात एवढं तेल वाचवणारी दुसरी योजना सापडायला कठीण.

दुसरं कारण वाट पाहणं, आणि त्यामागचं गणित मजेदार आहे. सांगली-मिरज मार्गावर तासाला तीन गाड्या आहेत असं धरू. त्या वीस-वीस मिनिटांनी आल्या तर विश्रामबागला केव्हाही येऊन उभ्या राहिलेल्या माणसाला सरासरी दहा मिनिटं थांबावं लागतं. त्याच तीन गाड्या एकापाठोपाठ आल्या आणि मग तासभर एकही नाही, तर सरासरी थांबणं होतं तीस मिनिटं. गाड्या तेवढ्याच, डिझेल तेवढंच, थांबणं तिप्पट.

गाड्या अशा गठ्ठ्याने का येतात? चालकांनी ठरवून नव्हे. पुढची गाडी कुठेतरी पाच मिनिटं अडकली की पुढच्या थांब्यावर तिच्यासाठी जास्त माणसं जमलेली असतात. ती चढायला वेळ जास्त, म्हणून ती आणखी मागे पडते. मागच्या गाडीला प्रवासीच उरत नाहीत, ती सुसाट येऊन हिला गाठते. पहिली खच्चून भरलेली, दुसरी रिकामी. हा दोष आपोआप वाढतो, आपोआप दुरुस्त होत नाही. उपाय म्हणजे मध्ये एका ठिकाणी वाहतूक नियंत्रकाने मागच्या गाडीला तीन-चार मिनिटं थांबवणं. आत बसलेले प्रवासी चिडतात, हे खरं आहे. पण पुढच्या सगळ्या थांब्यांवरची माणसं वाचतात, आणि गाड्यांवर जीपीएस असल्यामुळे नियंत्रकाला दोन गाड्यांमधलं अंतर पडद्यावर दिसू शकतं.

पाच लिटर जातात कुठे

एक लिटर डिझेलमध्ये सुमारे ३६ मेगाज्यूल ऊर्जा असते. इंजिनातून चाकापर्यंत पोचते ती त्यातली जेमतेम तिसरा हिस्सा, म्हणजे ११ मेगाज्यूल. बाकीची रेडिएटर आणि सायलेन्सरमधून उष्णता म्हणून निघून जाते.

प्रवासी भरलेली १३ टनांची गाडी ताशी ५० किलोमीटर वेगाला न्यायला सव्वा मेगाज्यूल लागतात. डिझेलमध्ये मोजलं तर साधारण ११५ मिलिलिटर, दोन कटिंग चहाएवढं. ब्रेक दाबला की हे सगळं ब्रेक ड्रमच्या उष्णतेत जातं आणि पुन्हा वेग घ्यायला पुन्हा दोन कटिंग. आता आपल्या रस्त्यांवरचे गतिरोधक मोजा. शाळेपुढचा समजू शकतो, पण प्रत्येक फाट्यावर, प्रत्येक वस्तीपुढे गावकऱ्यांनी रातोरात घातलेले आहेत. पन्नासवरून पंधरावर यायचं म्हणजे गतीतली नव्वद टक्के ऊर्जा फेकून द्यायची, कारण ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असते. गाळप हंगामात तर दोन ट्रॉल्यांच्या ट्रॅक्टरमागे गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर रांगते. आगारातला केपीटीएल त्या महिन्यांत घसरला तर दोष दर वेळी चालकाचा नसतो.

चालकाच्या हातात असतं ते एवढंच : लांबूनच गतिरोधक ओळखून पाय उचलणं आणि गाडी गिअरमध्ये ठेवून वेग आपोआप उतरू देणं. गाडी गिअरमध्ये असेपर्यंत आणि ॲक्सिलरेटर सुटलेला असताना नव्या इंजिनांत डिझेल जवळजवळ बंद होतं. न्यूट्रल करून घरंगळवली तर इंजिन चालू ठेवण्यापुरतं डिझेल जातच राहतं, शिवाय उतारावर इंजिनाचा ब्रेक मिळत नाही तो धोका वेगळा. कार्यशाळेच्या हातात असतात टायर. हवा वीस टक्क्यांनी कमी असली की खप दोनेक टक्क्यांनी वाढतो. मागच्या जोडचाकांतलं आतलं टायर हे नेहमीचं दुखणं. तिथे व्हॉल्व्हपर्यंत हात पोचत नाही, म्हणून बाहेरचं तपासून आतलं ‘ठीक असेल’ म्हणून सोडलं जातं.

घाटात हिशेब बदलतो. वाईपासून पसरणी घाटाने पाचगणीला चढताना गाडी साडेपाचशे मीटरहून थोडी जास्त उंची गाठते. १३ टन वजन साडेपाचशे मीटर उचलायला ७० मेगाज्यूल, म्हणजे साडेसहा लिटर डिझेल फक्त उंचीसाठी. ४४ प्रवाशांत वाटलं तर माणशी १५० मिलिलिटर. मोटारीतून चढणाऱ्या दोघांचा हाच खर्च माणशी साडेचारशेच्या घरात जातो. आणि उतरताना डिझेल गाडी ही ऊर्जा टाकीत परत टाकत नाही.

विजेची बस देते. चढायला साधारण २८ युनिट लागले तर उतरताना मोटर जनित्र होऊन दहाएक युनिट बॅटरीत परत टाकते. इथे एक चूक हमखास होते. वर पाचगणी-महाबळेश्वरला गाडी पूर्ण चार्ज करून खाली सोडली तर परत येणारी वीज घ्यायला बॅटरीत जागाच नसते आणि गाडी साध्या ब्रेकवर उतरते. घाटमार्गावर चार्जिंग खालीच करावं, वर करायचंच तर ८०-८५ टक्क्यांवर चार्जरची गन काढावी.

‘वीज तरी कोळशाचीच ना?’ हा प्रश्न येतोच. बहुतेक कोळशाचीच, आणि धुराच्या हिशेबात ते मोजलंच पाहिजे. पण तेलाच्या हिशेबात उत्तर सरळ आहे : भारतात तेल जाळून वीज जवळपास बनवतच नाहीत. शिवाय सातारा जिल्ह्यातच १,९६० मेगावॉटच्या कोयना प्रकल्पाचं धरण आहे आणि वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्या आहेत. ती वीज नेमकी याच बसमध्ये येते असं नाही, ग्रीडमध्ये सगळंच मिसळतं. पण ती तेलाची नाही.

आगारात अडचण विजेच्या भाराची असते. वीस बसना रात्री प्रत्येकी २०० युनिट द्यायचे तर एकूण ४,००० युनिट. सहा तासांत सावकाश पसरून दिले तर सुमारे ६७० किलोवॉटची जोडणी पुरते. दहा वाजता सगळ्यांच्या गन एकदम लावल्या आणि चार्जर १८० किलोवॉटचे असले तर मागणी ३,६०० किलोवॉटवर उडी मारते. ट्रान्सफॉर्मर पाचपट मोठा आणि कमाल मागणीवर लागणारा बिलातला मागणी आकारही तसाच. चार्जर आळीपाळीने चालवणारं नियंत्रण घेतलं नाही तर डिझेलची बचत वीजबिलात जाते.

रूळ जवळ, गाव लांब

पुणे-मिरज हा २८० किलोमीटरचा लोहमार्ग आता विजेच्या तारेखाली आहे. सपाट रस्त्यावर एक टन वजन टायरवर ढकलत ठेवायला सात ते दहा किलो जोर लागतो, पोलादी रुळावर दीड-दोन किलोच. या मार्गावर वंदे भारतही धावते. पण तेल वाचतं ते किर्लोस्करवाडी, भिलवडी, ताकारीला थांबणाऱ्या गाड्यांनी, कारण दुचाकीवरचा माणूस तिथला असतो. मार्ग एकेरी असतो तिथे त्याच गाड्यांना क्रॉसिंगसाठी बाजूला थांबवतात. दुहेरीकरणाचा खरा फायदा या पॅसेंजर गाड्यांना.

आणखी एक अडचण भूगोलाची. साताऱ्याचं स्टेशन शहरात नाही, माहुलीकडे आहे. कराडचं ओगलेवाडीला. शेवटच्या पाच-सात किलोमीटरना रिक्षाचं भाडं रेल्वेच्या तिकिटापेक्षा जास्त पडतं, आणि माणूस घरूनच गाडी काढतो. स्टेशनावर एसटी हवी, आणि तिची वेळ घड्याळाला नाही तर रेल्वेला बांधलेली हवी. रेल्वे वीस मिनिटं उशिरा आली तर बसने वीस मिनिटं थांबावं.

थांबताना इंजिन बंद करून. चालू इंजिन जागेवर तासाला दीड-दोन लिटर पितं आणि पुन्हा सुरू करायला लागणारं डिझेल काही सेकंदांच्या धुगधुगीएवढंच असतं. तरी स्थानकांत गाड्या धुगधुगत उभ्या दिसतात, आणि याला आळस म्हणणं अन्याय आहे. बॅटरी उतरलेली किंवा स्टार्टर दमलेला असला की इंजिन बंद करायची चालकाची हिंमत होत नाही. नंतर चाळीस प्रवाशांना उतरवून धक्का मारावा लागेल, ही भीती असते. अशी गाडी दिवसात आठ वेळा वीस-वीस मिनिटं उभी राहिली तर चार लिटर जातात, महिन्याला शंभर-सव्वाशे. बॅटरीच्या नव्या संचाची किंमत दोन-तीन महिन्यांच्या डिझेलमध्ये निघते, फक्त बॅटरीची मागणी भांडार शाखेकडे जाते आणि डिझेलचा हिशेब पंपावरच्या वहीत राहतो.