सॉफ्टवेअरमधला 'मी' आणि 'तुम्ही'

स्क्रीन आपल्याला काय म्हणून हाक मारते आणि कधीकधी आपल्याच तोंडून काय वदवून घेते, तो सगळा प्रकार ह्या नोंदीत येतो. ॲप, वेबसाइट, एटीएम, चॅटबॉट, सगळीकडे हे चालतं. बटणावर 'तुमची ऑर्डर' लिहिलं असेल तर समोर दुकानदार बोलतोय, 'माझी ऑर्डर' लिहिलं असेल तर बोलणारे आपणच, दुकानदार गायब. एवढ्याशा फरकाने काय होतंय असं वाटतं, पण कोणी काय कबूल केलं हा प्रश्न इथूनच सुरू होतो, आणि जिथे एकच फोन अख्खं घर वापरतं तिथे तो चांगलाच गुंतागुंतीचा होतो.

विंडोज ९५ मध्ये डेस्कटॉपवर 'माय कॉम्प्युटर' हा आयकॉन होता. कॉलेजच्या लॅबमधला कॉम्प्युटर दिवसभरात पन्नास पोरं वापरायची तरी तो प्रत्येकाला 'माझा' म्हणूनच दिसायचा. पुढे विंडोज व्हिस्टामध्ये 'माय' काढून नुसतं 'कॉम्प्युटर' ठेवलं आणि विंडोज ८.१ पासून 'धिस पीसी' झालं, म्हणजे मालकी कोणाची हे सांगणंच बंद. फेसबुकवर सुरुवातीला स्टेटसमध्ये आपल्या नावापुढे 'इज' आधीच छापलेलं असायचं, त्यामुळे माणूस स्वतःबद्दल तिऱ्हाइताबद्दल बोलावं तसं लिहायचा, २००७ च्या शेवटी ते 'इज' गेलं. व्हॉट्सॲपने तर पूर्ण वाक्यच तयार दिलं, 'हे देअर! आय ॲम यूजिंग व्हॉट्सॲप', जे लिहिलं कंपनीने आणि दिसतं आपल्या नावाखाली. ज्यांनी आयुष्यात एक ओळ इंग्रजी लिहिली नाही अशा पंचवटीतल्या आजींच्या नावाखालीही ते वर्षानुवर्षं तसंच पडून असतं. पुढे २०२२ च्या शेवटी स्वतःलाच मेसेज पाठवायची सोय आली, तिथे आपल्याच नावापुढे 'यू' लिहिलेलं दिसतं, किराणा सामानाची यादी आपण आपल्यालाच पाठवतो आणि ॲप मात्र त्या पलीकडच्या आपल्याला 'तुम्ही' म्हणतं.

ह्याचं मूळ जुनं आहे. एमआयटीमधले जोसेफ वायझेनबाउम यांनी १९६६ मध्ये एलायझा नावाचा प्रोग्राम मांडला. त्याची युक्ती अगदी साधी होती, समोरच्याने टाइप केलेल्या वाक्यातलं 'माझं' काढून 'तुमचं' घालायचं आणि तेच वाक्य प्रश्न करून परत द्यायचं. 'माझी आई माझ्यावर रागावते' असं लिहिलं की 'तुमची आई तुमच्यावर रागावते असं का वाटतं?' छापचं उत्तर. समजत काहीच नव्हतं, तरी लोक त्याच्याशी मनातलं बोलायला लागले, वायझेनबाउम यांच्या सेक्रेटरीने तर त्यांनाच खोलीबाहेर जायला सांगितलं होतं. आपलंच बोलणं सर्वनाम बदलून परत आलं की समोर कोणीतरी आहे असं वाटतं. आजचे चॅटबॉट कितीतरी पुढे गेलेत, स्वतःला 'मी' म्हणतात, जीमेलचं स्मार्ट कंपोज २०१८ पासून आपलं अर्धं वाक्य आपल्या वतीने पुरं करतं, त्यात आपलं किती आणि मशीनचं किती हे पाठवून झाल्यावर कोण बघतं!

मराठीत हे जास्तच जाणवतं कारण इंग्रजीत एका 'यू'वर भागतं आणि आपल्याकडे तू, तुम्ही, आपण असे तीन आहेत. एटीएम 'कृपया आपला पिन प्रविष्ट करा' म्हणतं, जे घरात कोणी कोणाला म्हणत नाही, आणि खाण्याच्या ॲपचं नोटिफिकेशन एकदम गळ्यात हात टाकून बोलतं. राज्य सरकारच्या पोर्टलचं नाव 'आपले सरकार' आहे, त्यात बोलणारा आणि ऐकणारा दोघंही आले. शिवाय 'मी'च्या पुढे क्रियापद आलं की बाई की पुरुष हे बऱ्याचदा ठरवावं लागतं, मग 'करतो/करते' अशी तिरकी रेघ मारून सुटका करून घेतात.

तोंडी शब्द घालायचा सगळ्यात वाईट नमुना म्हणजे नकार देणाऱ्याला लाजवणं. ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ ला १३ डार्क पॅटर्नची, म्हणजे ग्राहकाला फसवून हवं ते करून घेणाऱ्या स्क्रीनवरच्या युक्त्यांची, यादी काढली, त्यात हा प्रकार आहे. विमानाचं तिकीट काढताना विमा नको असेल तर 'मी असुरक्षित राहीन' अशा अर्थाच्या बटणावर क्लिक करायला लावणं, हे उदाहरण त्या नियमातच दिलंय. ग्राहकाला फक्त 'नको' म्हणायचं असतं, बाकीचं वाक्य दुसऱ्याचं.

आता नाशिककडे या. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यात ई-पीक पाहणी ॲप आलं, आधी तलाठी करायचा ती नोंद आता शेतकऱ्याने बांधावर जाऊन पिकाचा फोटो काढून करायची. घोषवाक्य होतं 'माझी शेती, माझा सातबारा, मीच नोंदवणार माझा पीकपेरा'. कल्पना चांगली आहे, पण निफाड-दिंडोरीकडे हा 'मीच' बऱ्याचदा कॉलेजला जाणारा मुलगा किंवा शेजारचा पोरगा असतो, कारण फोन त्याच्याकडे. एका मोबाइलवरून एकापेक्षा जास्त खातेदारांची नोंद करता येते, म्हणजे ॲपलाही हे माहीत आहे.

नाशिक शहरात सीबीएस, शालिमारकडे ऑनलाइन फॉर्म भरून देणारी झेरॉक्सची दुकानं आहेत, तिथे बघा. काउंटरवरचा मुलगा स्क्रीनवर नजर ठेवून 'मावशी, ओटीपी सांगा' म्हणतो, मावशी पर्समधून फोन काढून आकडे वाचतात, तो टाकतो, 'वरील माहिती मी वाचली असून मला मान्य आहे' ह्या चौकोनात टिक करतो आणि पुढे जातो. वाचलं कोणीच नाही, टिक त्याची, नाव मावशींचं. मुलाची ह्यात काही चूक नाही, मागे लाइन असते आणि त्याच्याशिवाय फॉर्म भरलाच जाणार नाही, पण उद्या त्या टिकवरून अर्ज बाद झाला तर कागदोपत्री जबाबदार मावशी. माझ्या मते 'मी' लिहिणाऱ्या प्रत्येक फॉर्मने टिक कोणी केली हे वेगळं विचारायला हवं.

आणि ते जमतं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेसाठी आलेल्या नारी शक्ती दूत ॲपमध्ये आधी भरणारीचं प्रोफाइल बनवायचं होतं, त्यात सामान्य महिला, अंगणवाडी सेविका असे पर्याय होते, मग अर्जदार बाईची माहिती वेगळी आणि तिच्या सहीचं हमीपत्र कागदावर घेऊन त्याचा फोटो अपलोड. ॲपच्या बाकी तक्रारी होत्याच, पण भरणारी कोण आणि अर्ज कोणाचा हे दोन रकाने तिथे वेगळे होते.